दिवसभराचं मीठ

"मीठ किती ते नंतर. आधी किती पाण्यात ते सांगा!"

आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमनी असं म्हणत चष्मा कपाळावर चढवला की अकरावीचा अख्खा वर्ग खाली मान घालायचा. कळव्याच्या कॉलेजात मी मराठी शिकवायचे, म्हणून मी सुटेन असं वाटलेलं. कसलं काय! स्टाफरूममध्ये चहा अगोड झालाय म्हटलं की लगेच, "चमचा फिरवा हो बाई. साखर तळाशी झोपलीय."

खाष्ट वाटतील तुम्हाला. होत्याच थोड्या.

त्यांचे मिस्टर वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून रिटायर झालेले, खाण्याचे भारी शौकीन. त्यांचं हृदय थकलं, पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी मीठ मोजून दिलं, पाणीही. अळणी जेवणाला गृहस्थ तोंडच लावेनात. "उपाशी मार, पण हे नको," म्हणायचे. हां हां म्हणता इतके वाळले की शर्ट खांद्यावरून ओघळायचा. मॅडम शिकवता शिकवता मधेच गप्प व्हायच्या. मला मेलीला ते बघवायचं नाही.

एक दिवस मात्र त्या तरातरा स्टाफरूममध्ये आल्या. "अहो, मी किती वेडी! दिवसाचं मीठ भातात, भाजीत, डाळीत वाटत बसले. सगळंच पांचट! काल बाकी सगळं अळणी ठेवलं आणि सगळं मीठ एका छोट्या वाटीतल्या दाट आमटीत घातलं. मीठ तेवढंच, पण जिभेला कळलं."

आणि गृहस्थ जेवले! प्रत्येक घास त्या आमटीला लावून जेवले. वर सोसायटीभर सांगत सुटले, "आमची ही डॉक्टरला फसवते." मॅडम चिडायच्या, "एक कण जास्त नाही हो!" पण त्या दिवसांत त्या वर्गात चक्क हसायच्या.

थोडे महिनेच. मग पुन्हा सूज, पुन्हा हॉस्पिटल. शेवटी डॉक्टरांनी मॅडमना बाहेर बोलावून सांगितलं, घरी न्या, हवं ते खाऊ द्या. मिस्टरांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मॅडमनी ठरवलं.

ते गेले. मॅडम पुढे दोन वर्षं शिकवत राहिल्या. निवृत्तीच्या दिवशी रिकाम्या लॅबमध्ये बसून त्यांनी मला बाकीचं सांगितलं. आता त्या मुलीकडे असतात, कळव्यात येत नाहीत.

हॉस्पिटलातून आणल्यावर त्यांनी कोळंबीचं कालवण केलं. मीठ मोजायचा काटा फडताळातून काढलाच नाही. कालवणात मीठ, भातात मीठ, भाजीत मीठ, पूर्वीसारखं, अंदाजाने. मिस्टर उशीला टेकून बसले. नुसत्या भाताचा पहिला घास घेतला आणि थांबले. बायकोकडे बघितलं.

"आज मोजलं नाहीस."

मॅडमनी त्यांच्या ताटात आणखी कालवण वाढलं.

"बरं," ते म्हणाले. "तूही ताट घे. बस माझ्याजवळ."