पिवळं फडकं

गोरेगावच्या जीपमधून उतरलेल्या एका ओळखीच्या माणसानं हिंगोलीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात उभ्या उभ्या सांगितलं, "सर, तुमच्या बालवाडीतल्या कमलबाई गेल्या की. पंधरा दिवस झाले." जलदान विधीही होऊन गेला होता. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवावं तरी कशाला? बाई होत्या तेव्हा मी कोणता मोठा त्यांच्या दारात गेलो होतो...

नव्वदचं दशक संपता संपता गोरेगावच्या त्या बालवाडीत एक कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागोमाग मी. देवळातल्या पुजाऱ्याचा मुलगा, हिंगोलीत सहा महिन्यांचा कोर्स केलेला, वय बावीस आणि ऐट बघून घ्यावी अशी! कमलबाई मोठ्या गटाच्या बाई. ठेंगण्या, आवाजानं खणखणीत. मशीनचं त्यांना काही येत नव्हतं, पण मशीन एक आणि लेकरं तीस, हे त्यांनी बरोबर हेरलं. मी यायच्या आधीच त्यांनी झिजलेल्या साबणाच्या वड्यांत सुतळीच्या शेपट्या खोचल्या, पाट्या आडव्या मांडल्या आणि लेकरांना माऊस धरायला शिकवलं. "बोट हळू दाबा रे, दुखंल त्याला!" पहिल्या दिवशी तो प्रकार पाहून मी फिदीफिदी हसलो होतो. पण माझ्यापुढं येईपर्यंत लेकरांचा हात बसलेला होता, हे मला त्याच दिवशी दिसलं.

त्या पहिल्या दिवशी सात-आठ लेकरांनी पडद्यावर रेघोट्या ओढल्या. मग सुजाता आली, बाईंच्याच गल्लीतली, बौद्धवाड्यातली. तिनं एक वाकडातिकडा गोल काढला आणि ओरडली, "भाकर!" सगळा वर्ग हसला. ती उठली आणि मी टेबलावरचं पिवळं फडकं घेऊन माऊस पुसला. तिच्या आधी कुणाच्या मागून पुसला नव्हता. घरात लहानपणापासून जे पाहिलं ते हातात मुरलेलं होतं, अशी मी पुढं कित्येक वर्षं स्वतःची समजूत घातली. साफ खोटं. मला कळत होतं.

शाळा सुटल्यावर बाई आल्या. "सर, एक इचारू का? राग येऊ देऊ नका. ते फडकं सगळ्यांच्या मागून फिरवता, का पाहून फिरवता?"

मी भडकलो. "धूळ बसते बाई, नाजूक मशीन आहे! तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"मशीनचं न्हाई कळत, सर. फडक्याचं कळतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी झाडून सगळ्या लेकरांचे हात धुऊन आणले. लेकरं तळवे पुढं धरून ओळीनं उभी, आणि बाई माझ्या खुर्चीला खेटून. तास संपेपर्यंत हलल्या नाहीत. पहिलं पोरगं उठलं, बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी माऊस पुसला. दुसरं उठलं, पुसला. तिसाव्या लेकरापर्यंत पुसत राहिलो, आणि मनातल्या मनात बाईंना शिव्या घालत राहिलो. मला वाटलं, ही बाई मला खाली पाहायला लावायला उभी आहे. त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो, मग हिंगोलीत क्लास काढला. बाई मात्र ओळखीची पोरं माझ्याकडं पाठवत राहिल्या. "सर चांगलं शिकवतात" असं सांगून!

परवा गोरेगावला गेलो. बाईंच्या घरी त्यांचा फोटो बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवला होता. चहा घेऊन आली ती शेजारची एक मुलगी, नववी-दहावीतली. "सर, वळखलं न्हाई का? मी सुजाता." ती खाली बसली आणि हसत सांगू लागली, "पहिल्या दिवशी मी लई रडले होते, सर. मला वाटलं, तुमी माझ्याच मागून पुसलं. उद्या येणारच न्हाई म्हणले. मग बाई घरी आल्या. म्हणल्या, येडे, सर सगळ्यांच्याच मागून पुसतात, उद्या चल, दाखवते तुला. अन् दुसऱ्या दिवशी तुमी खरंच सगळ्यांच्या मागून पुसत होते!"

म्हणजे बाई त्यासाठी उभ्या होत्या... एका लेकराला दिलेला शब्द माझ्यासारख्या माणसाच्या हातून पाळून घ्यायला. मी त्या दिवशी फडकं खाली ठेवलं असतं, तर ते पोरगं बालवाडीत परत आलं नसतं.

सुजातानं विचारलं, "व्हय ना, सर? सगळ्यांच्याच मागून पुसत होते ना?"

आणि मी, तिशी ओलांडलेला माणूस, म्हणालो, "व्हय." चहा प्यायलो आणि उठलो. लाज वाटायला हवी होती तिथं नाही वाटली, जीपमध्ये बसल्यावर वाटली, आणि ती अजून जात नाही.

क्लास बंद करताना मी रोज सगळे माऊस पुसतो. फडकं तेच आहे, धुऊन धुऊन पांढरं पडलंय. काल ते हातात घेतलं आणि तसंच ठेवून हे लिहायला बसलो. सुजाता, हे ज्यात छापून येईल ती पेपरची पुरवणी तुझ्या घरी येते की नाही, मला माहीत नाही. बाईंनी तुला खोटं सांगितलं, तुझ्यासाठी. मी सांगितलं ते माझ्यासाठी. पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या मागून पुसलं नव्हतं, पोरी. तुझ्याच मागून पुसलं होतं.