रेड्याच्या सिनेमाची पूजा

माझ्या लांबच्या चुलत भावाच्या विचुंबे गावातल्या बंगल्यात, देवघराशेजारी, पत्र्याचा एक गंजका डबा काचेत ठेवलेला आहे. डब्यात एका मूकपटाचं रीळ. आमच्या पणजोबांचा रेडा त्यात नवरदेवाला पाठीवर घेऊन गावभर उधळतो, म्हणे. या पिक्चरची दुसरी प्रत कुठेच नाही, हे कळल्यापासून भावाचे पाय जमिनीवर नाहीत. स्वतः त्याने तो पाहिलेला नाही, त्याच्या बापानेही नाही. पण वाढदिवसाच्या फ्लेक्सवर या भावी नगरसेवकाच्या खांद्याशी रेडा असतोच, आणि खरं सांगायचं तर दोघांत रेडाच जास्त समजूतदार दिसतो.

मला रेड्याशी काही देणंघेणं नव्हतं. माझ्या वडिलांना त्यांची आई बघायची होती. ते तान्हे असतानाच ती गेली. तिचा एकही फोटो नाही. रेड्यामागे पदर खोचून हसत धावणाऱ्या बायांत ती सर्वांत पुढे आहे, एवढंच मोठ्यांनी त्यांना सांगितलेलं. आता ते नव्वदीला टेकलेत. मी गेले की विचारायचे, "बाय, तो पिक्चर बगायला मिळल का गो?"

भाऊ डब्याला हात लावू देत नसे. "ताय, लक्ष्मी हाय ती घरची. बाहेर कशी देऊ?"

शेवटी जुन्या फिल्म दुरुस्त करणाऱ्या एका बाईंना मी त्याच्याच दिवाणखान्यात आणून बसवलं. झाकण निघालं आणि खोलीभर आंबट वास सुटला. आत रीळ नव्हतंच, तपकिरी ढेकूळ होतं. दर खंडेनवमीला हा दीडशहाणा ट्रक आणि जेसीबीच्या जोडीने डबाही पुजायचा. झाकण उघडून, थेट रिळावर पाणी शिंपडून, वर हळदकुंकू आणि नारळाचं पाणी.

"झाकण लावून कुनी पूजा करतं का?" त्याने उलट आम्हालाच विचारलं. बाईंनी मान हलवली. यातून काहीही निघणार नव्हतं. वडिलांना मी हे सांगितलं नाही.

लाज वाटायलाही थोडी अक्कल लागते. त्याने एका कॉम्प्युटरवाल्याला धरून तोच पिक्चर नव्याने 'बनवून' घेतला आणि पोरीच्या हळदीत डीजे थांबवून मोठ्या पडद्यावर लावला. रेडा तेल चोपडल्यासारखा चकचकीत, मागे कर्नाळ्याचा सुळका, आणि पुढे धावणाऱ्या बाईला कुठल्याशा मालिकेतल्या सुनेचा चेहरा. भुवयासुद्धा कोरलेल्या! माझं डोकंच फिरलं. सगळ्या मांडवासमोर त्याची खरडपट्टी काढायची म्हणून मी उठले.

वडिलांनी माझा हात घट्ट धरला. पडद्यावरची नजर न काढता ते रडत होते.

"माजी आय गो, बाय. बग, कशी हसते."

भाऊ माईकवरून रेड्याचं कौतुक सांगत होता. मी खाली बसले.

"माज्यासारकी दिसते का?" वडिलांनी विचारलं.

"दिसते," मी म्हणाले.