पुढच्या मंगळवारचा अभ्यास

माझं शिक्षण चौथी नापास. नापास हे लिहायचं नसतं म्हणतात, पण झालो तो झालो. पुढे तेहतीस वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या पंपावर काढली. नदीकाठी एक खोली, खोलीत दोन मोटरी, एक टेबल, टेबलावर लॉगबुक. दर तासाला उठायचं, मीटर बघायचा आणि लिहायचं: मोटर चालू, मोटर बंद, लाईट नाही. उभ्या आयुष्यात माझं लिखाण एवढंच. त्यानंतर हे.

हे आधी सांगितलं, कारण नातीच्या अभ्यासाची नोंदवही माझ्या हातात आली ती याच लायकीवर.

देवरूखच्या बाजारापासून आत आमची वाडी. ही गेली, म्हणजे माझी बायको, तेव्हापासून घरात मी एकटा. तिच्यामागे मिठाचा डबा कुठला ते सापडायला मला अकरा दिवस लागले. तोवर अळणी जेवलो. ती होती तेव्हा विचारायची गरज पडली नाही, आणि मिठाचा डबा कुठे म्हणून शेजारी कोण विचारायला जातो? सगळे डबे तिने सारखेच घेऊन ठेवलेले. अकरा दिवस मला तिचा राग येत होता. राग बरा असतो, त्यात दिवस जातो.

आठ महिन्यांनी मुलगा, सून आणि नात मे महिन्यात आले. नात नऊ वर्षांची. मुंबईत तिचं रोज सकाळी एकच. शाळेची बस दिसली की उलटी. डॉक्टर झाले, नजर काढून झाली. इथे आल्यावर पोरगी दिवसातून चार वेळा जेवायला लागली. सुनेने नोकरी आधीच सोडली होती. तिने सांगून टाकलं, आता शाळा नको, मी घरीच शिकवीन. आणि घरीच शिकवायचं तर ह्याच घरी शिकवीन.

मुलगा उखडला. "शाळा नाही म्हणजे? गुरं राखणार का ती?"

"गुरं आहेत कुठे आपल्याकडे?" सून म्हणाली.

दोन दिवस भांडण चाललं. शेवटी मुलाने अट घातली. रोज चार तास अभ्यास, आणि तो लिहून ठेवायचा. जमेल त्या शनिवारी-रविवारी येईन तेव्हा वही बघीन. चार तास भरले नाहीत तर दिवाळीनंतर पोरगी मुंबईच्या शाळेत. मग दोघी परत.

"आणि लिहिणार कोण?" सून म्हणाली. "मी लिहिलं तर तुझा विश्वास बसायचा नाही."

"बाबा लिहितील. त्यांनी जन्मभर तेच केलंय."

मी बरं म्हटलं. मनात एवढंच होतं की चार तास भरले नाहीत तर ही घरातली माणसं जाणार आणि मी परत त्या डब्यांसमोर उभा. पण तसं बोललो नाही. खरं तर मी तोंडाचा फटकळ. सरपंचाला भर सभेत सांगितलंय, तुझा रस्ता पावसाळ्यात पोहून जायचा आहे म्हणून. डॉक्टरला सांगितलंय, तुझं पोट बघ आणि मग मला पथ्य सांग. पण 'जाऊ नका' हे दोन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत.

पहिला आठवडा मी खरं लिहिलं. ओटीवर नातीसमोर खुर्ची टाकून बसायचो. वहीत असं आहे:

९.०० गणित. मोटर चालू.
९.२० मोटर चालू, पाणी नाही.
९.३५ मोटर बंद.

पाणी नाही म्हणजे पुस्तक उघडं, पेन्सिल हातात आणि डोळे भिंतीवरच्या मुंग्यांकडे. पंपाने हवा धरली की असंच होतं. आवाज येतो, नळ कोरडा. दिवसाची बेरीज एक तास दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी एक तास पाच. तिसऱ्या दिवशी दीड तास झाला म्हणून मला बरं वाटलं, पण त्यातली वीस मिनिटं ती बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाचत होती.

मी सुनेला म्हटलं, "अगो, ही सव्वा तासाच्या वर जात नाय. दिवाळी यायला वेळ लागायचा नाय."

"बाबा, तेवढं पुरतं तिला. शाळेत सहा तास असतात, त्यातले हजेरीचे काढा, रांगेचे काढा, गप्प बसा गप्प बसा म्हणण्याचे काढा. मग उरतात किती?"

मी माझ्या शाळेचं काढून बघितलं. गुरुजींच्या घरी पाणी भरलं ते वजा, आंबे उतरवले ते वजा, बाकावर उभा होतो ते वजा. चार वर्षांत अभ्यास झाला असेल तो अकरा-बारा दिवस. म्हणजे सून बरोबर होती. पण बरोबर असून उपयोग काय? अट चार तासांची होती.

सून पुढे म्हणाली, "आणि शिक्षण काय पुस्तकातच असतं? ती तुमच्याबरोबर बागेत फिरते, तेही शिक्षणच."

हे मला आधी कळलं असतं तर! दुसऱ्या दिवशीपासून मी सगळंच धरायला लागलो. मासे साफ करताना बघितले: विज्ञान, चाळीस मिनिटं. नारळ मोजले: गणित, अर्धा तास. फणस कापला: विज्ञान, एक तास. हाताचा चीक रॉकेलने काढला: परत विज्ञान. शेजारच्या दोन जावांचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं: मराठी, पाऊण तास. त्यात तिला नवे शब्दही मिळाले, ते मी वहीत लिहिले नाहीत.

"झोप धरायची काय गो?" मी सुनेला विचारलं.

ती भाकरी थापत होती. "धरा की. शिकलेलं झोपेतच डोक्यात बसतं म्हणतात."

धरली. त्या दिवसाची बेरीज झाली एकोणीस तास. आकडा मोठा बघून सुनेने पानाचा फोटो काढून मुलाला पाठवला. लगेच फोन.

"बाबा, एकोणीस तास? पोरीला मारताय काय?"

"तुला चार हवे होते. पंधरा वर आले. तक्रार कसली?"

"मला चार पाहिजेत! माणसासारखे चार!"

मग मी वॉल्व्ह आवळला. त्या दिवसापासून नवी वही आणि रोज बरोबर चार. पावणेचार नाही की सव्वाचार नाही. गणित दीड तास, मराठी एक, भूगोल पाऊण, वाचन पाऊण. आकडा एकदा बसला की मग बघायचं काय उरलं? पोरगी सकाळी आपला तास-सव्वा तास करायची, आणि मग आम्ही दोघं वहाळाच्या पाण्यात खेकडे धरायला. वहीत तोवर भूगोल चाललेला असायचा. मुलगा यायचा, पानं चाळायचा, "छान" म्हणायचा. तीन महिने गेले. मला वाटलं, जमलं.

आता माझी चूक सांगतो. पंपावर आमची एक पद्धत होती. गणपतीला घरी जायचं म्हणजे जायचं, त्यात दुसरा विचार नाही. मग जायच्या आधी पुढच्या पाच-सात दिवसांचं लॉगबुक भरून ठेवायचं. चालू, बंद, चालू, बंद. बदलीवर येणाऱ्याने नुसत्या मोटरी सुरू करायच्या, लिहायचा त्याला त्रास नको. पाणी लोकांना मिळायचंच, त्यामुळे यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलंच नाही.

माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. रत्नागिरीला जायचं, मग काही दिवस डोळ्याला पट्टी, लिहिणं बंद. हात आपोआप वहीकडे गेला. एका बैठकीत मी महिनाअखेरपर्यंतचा अभ्यास भरून टाकला.

ऑपरेशन झालं. घरी येऊन मी ओटीवर हिरवी पट्टी लावून बसलो होतो, आणि शनिवारी सकाळी मुलगा न सांगता आला. डोळा बघायला आला होता. डोळा बघितला, चहा घेतला, मग सवयीने वही उघडली. एका डोळ्याने मला दिसत होतं. त्याने पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"बाबा, आज शनिवार ना?"

"हो."

"मग मंगळवारी हिने पाऊण तास भूगोल केलाय, तो मंगळवार कुठला?"

"येणारा," मी म्हटलं. खोटं लिहायची मला सवय होती, बोलायची नव्हती.

"आणि गुरुवारी लाईट गेली, वाचन अर्धा तास कमी?"

"गुरुवारी जातेच."

"रविवारी दीड तास गणित?"

"लोक काय रविवारी पाणी पीत नाहीत?"

आतून सुनेच्या हसण्याचा आवाज आला, मग खोकल्याचा. मुलगा नाही हसला. "बघा जरा, मी मंगळवारी काय करतोय तेही लिहिलंय का!" म्हणाला आणि वही आपटली. "अख्ख्या गावाला तोंडावर बोलता तुम्ही. आणि मला असं फसवायचं? का?"

"कारण तुम्ही गेलात की मी इथे एकटा. मला जमत नाय एकट्याला. झालं? बोललो."

तो उभा होता तो बसला. चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला.

"हे आधी सांगायचं ना, बाबा."

"मला काय सांगायची सवय? तुझ्या आईला कधी सांगावं लागलं नाय."

दारात नात उभी होती, सगळं ऐकून. ती पुढे आली आणि वही उचलली.

"आजोबांनी लिहिलंय तेवढं मी करते. मग ते खोटं राहणार नाही ना?"

"कर," तिचा बाप म्हणाला. "मी बघतो बसून." त्याने मंगळवारपर्यंत रजा टाकली.

आणि पोरगी बसली. रविवारी दीड तास गणित म्हणजे दीड तास गणित. सोमवारी चार तास. बाप समोर, मांडीवर लॅपटॉप, हातात घड्याळ. मी एका डोळ्याने दोघांवर लक्ष ठेवून. दुसऱ्या तासाला पोरीचं पाणी गेलं. तिसऱ्या तासाला बापाचंही गेलं, तोही मुंग्याच बघत होता. मंगळवारी भूगोलाचा धडा तिने बारा मिनिटांत संपवला. मग उरलेली तेहतीस मिनिटं तोच धडा परत वाचला, एकदा खालून वर.

"आजोबा, तुम्ही फार लिहिता हो!" ती माझ्यावर ओरडली. डोळ्यांत पाणी.

साडेतीन तास झाले आणि तिने मान पुस्तकावर टाकली. बापाने लॅपटॉप मिटला.

"बंद कर, बाय," म्हणाला.

"अर्धा तास राहिलाय," ती झोपेतच बोलली.

"राहू दे."

मग माझ्याकडे वळला. "बाबा, खरं किती करते ही?"

"एक तास दहा मिनिटं. पाऊस असला तर दीड."

"आणि येतं तिला सगळं?"

"तूच विचार. मी चौथी नापास."

तो सुनेशी आत जाऊन बोलला. आवाज चढले नाहीत. बाहेर आला तेव्हा त्याने वहीत चार तासांवर काट मारली, दीड लिहिलं आणि खाली सही केली, आमचे साहेब करायचे तशी लांबलचक. "ह्या दिवाळीनंतर मुंबई नाही," म्हणाला. "पुढच्या जूनला परत बोलू. पण बोलू. वही नको."

संध्याकाळी रिक्षा आली. तो चपला घालत होता तेव्हा मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी पण ये." असं मी त्याला जन्मात म्हटलं नव्हतं. तो एका चपलेवर थांबला.

"येतो," म्हणाला.

मग मला काय झालं कोण जाणे, मी सुटलोच. येताना डोळ्याचं औषध आण. वरच्या कौलांचं कोणाला तरी सांग. विहिरीचा रहाट कुरकुरतो, बघ. तुझ्या आईचा एक फोटो मोठा करून आण, पासपोर्टचा नको, त्यात ती माझ्यावर चिडलेली आहे. आणि रात्री जेवलास की फोन कर.

"बाबा, अहो एकदम नको!" तो रिक्षातून ओरडला.

रिक्षा वळणापलीकडे गेली तरी मी अंगणाच्या दगडी गडग्याशी उभा राहून सांगत होतो. शेजारच्या दोन्ही जावा भांडण थांबवून ऐकत होत्या.