चौदा नंबरची लेबलं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते जळोचीच्या मामींचे. पळसदेवहून बारामतीला कॉलेजला आलो, तेव्हा दोन खोल्यांतली एक त्यांनी मला दिली आणि तीन वर्षं जेवू घातलं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. मामी द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये पेट्या भरायच्या. तिथं कॉम्प्युटरवर माणूस हवाय, हेही त्यांनीच मला सांगितलं.

मी तिथं लागलो, त्याच हंगामात बारकोड आला. प्रत्येक बाईला तिच्या नंबरच्या लेबलांची गुंडाळी मिळाली. भरलेल्या पेटीवर तिनं लेबल लावायचं. मी लाल उजेडाचं यंत्र त्यावर धरलं, की पेटी कुणाची ते पडद्यावर यायचं. परदेशात सडका मणी निघाला तर भरणारी सापडावी, म्हणून हे सगळं. मला त्या यंत्राचा फार अभिमान होता. आज त्या अभिमानाची किळस येते.

मामींच्या टेबलावर चौदा नंबरची बाई होती. तिचं मूल तीन महिन्यांचं. दुपारी सासू त्याला फाटकाशी घेऊन यायची आणि ही अर्धा तास पाजायला जायची. तेवढ्यात बाकीच्या बाया तिच्या पेट्या भरून तिचं लेबल लावायच्या. शेतात एकमेकांच्या कामाला जाऊन सावड करतात, तसंच. मजुरी पेटीवर नव्हती, दिवसाचा रोज ठरलेला होता, जास्तीचं कुणालाच मिळत नव्हतं.

एकदा मॅनेजरांना यंत्र दाखवताना मी म्हणालो, "सर, चौदा नंबर बाहेर बसलीय, तरी तिच्या पेट्या येतायत." शाबासकीसाठी बोललो.

त्यांनी पेटीतलाच एक घड उचलला आणि तो खात खात तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "कामाला येतेस का मूल पाजायला?"

मामी म्हणाल्या, "सायेब, पेट्या आमी भरल्यात. एक बी खराब न्हाय. उघडून बघा की."

"मावशी, लेबलं खोटी आहेत."

"आसतील. द्राक्षं तर खरी हायेत न्हवं? तुमीच खाताय."

बाया हसल्या. त्या हसण्यानं साहेब चिडले. चौदा नंबरला उद्यापासून येऊ नको म्हणाले आणि मला तिचा नंबर पुसायला सांगितला. मी पुसला.

संध्याकाळी मामींनी विचारलं, "कुणी सांगितलं आसंल रं?"

"यंत्रात दिसतं, मामी."

त्यांना ते पटलं. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि मी ती खाल्ली.

पुढच्या महिन्यात तसलंच यंत्र बसवायला मला इंदापूरला पाठवलं. तिथून मी हे पत्र टाकलं:

"मामी, सविनय जयभीम.

यंत्रानं काही सांगितलं नव्हतं. बाई फाटकाबाहेर बसलीय हे त्याला दिसत नाही. मला खिडकीतून दिसलं आणि मीच साहेबांना सांगितलं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. तिच्या पेट्यांपैकी एकही परत आली नाही, तिला कामावर घ्या, असं मी साहेबांना लिहून दिलं आहे. उत्तर आलेलं नाही. हे पत्र तिला वाचून दाखवा. रविवारी मी येतो. मला तिच्या घरी घेऊन चला. तुमची इच्छा नसेल तर तसं सांगा, मी दारातूनच परत जाईन.

तुमचा भाचा"