ब्राउझर अडून बसला तेव्हा

"मॅडम, तुमचं पोर्टल उघडंना! लाल वॉर्निंग आलीया, खाली 'तरीही पुढे जा' असं बटण हाय. दाबू का?"

"थांबा डॉक्टर! दाबू नका."

मी इस्लामपूरच्या एका हॉस्पिटलात नेटवर्क सांभाळते. फोनवरच्या या डॉक्टरांचा दवाखाना शिराळ्याकडच्या एका गावात. छातीत दुखणारा पेशंट आला, की ते ईसीजी आमच्या पोर्टलवर टाकतात आणि आमचे हार्ट स्पेशालिस्ट तो लगेच बघतात. त्या सकाळी त्यांच्यासमोर एक रिटायर्ड फौजी घामाघूम होऊन पडला होता.

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "आवं, ह्यास्नी लय दुखतंय. कवा हुयाचं तुमचं?"

मी घाईघाईनं माझ्या स्क्रीनवर बघितलं. बाकीचे दवाखाने पोर्टलवर व्यवस्थित चालू होते. म्हणजे सर्व्हर ठीक होता. घोळ वाटेत होता.

प्रत्येक सर्व्हरकडं सर्टिफिकेट असतं, म्हणजे त्याचं ओळखपत्र. त्यावर एका विश्वासू संस्थेची सही लागते. ब्राउझर आधी ती सही तपासतो, मगच बोलतो.

"वॉर्निंगवर क्लिक करा. सर्टिफिकेट कुणी दिलंय?"

"नाव तुमच्या हॉस्पिटलचंच. देणारं पण तेच."

स्वतःच स्वतःला दिलेलं ओळखपत्र! पलीकडं आमचा सर्व्हर नव्हताच.

"दवाखान्याचं वायफाय बंद करा. मोबाइलचा हॉटस्पॉट लावा."

पोर्टल उघडलं. ईसीजी आला. स्पेशालिस्ट बघताक्षणी म्हणाले, "ॲटॅक आहे. गोळ्या द्या, अँजिओप्लास्टीची सोय इथं नाही, सांगलीला हलवा." ॲम्ब्युलन्स निघाली.

दुपारी मी दवाखान्यात गेले. वायफायच्या राउटरचा पासवर्ड कंपनीतून आला तोच होता. कुणीतरी बाहेरून आत शिरून सेटिंग बदललं होतं. आमच्या पोर्टलचं नाव टाकलं, की राउटर ब्राउझरला भलत्याच मशीनकडं नेत होता. ते बटण दाबलं असतं, तर पासवर्ड आणि ईसीजी दोन्ही तिकडं गेले असते आणि आम्ही इकडं वाट बघत बसलो असतो.

इतकी वर्षं हे काम करते, तरी मला याचं नवल वाटतं. एकमेकांना कधी न भेटलेली दोन मशीन उघड्यावर काही आकडे देतात-घेतात आणि त्यातून दोघांकडं एकच गुप्त किल्ली तयार होते. मधला माणूस सगळे आकडे ऐकतो, पण किल्ली काही त्याला बनवता येत नाही. आणि ओळख पटली नाही, तर ही बोलणी तिथंच थांबतात. डॉक्टर घाईत होते, मी घाबरले होते. शांत होता तो ब्राउझर.

फौजी बरा होऊन घरी आला. डॉक्टरांनी राउटरचा पासवर्ड बदलला. तुमचाही बदलला नसेल, तर बदला. आणि लाल वॉर्निंग आली, की बटण दाबण्याआधी ती वाचा.