मुखड्यातला श्वास

"सर, एका श्वासात बसत नाहीये," सुप्रिया म्हणाली.

रेकॉर्डिंग चालू होतं. मी हेडफोन काढले आणि म्हटलं, "परत घे."

तिने परत घेतलं. परत तेच झालं. बंदिशीचे शब्द होते, 'सांझ भई अब नाव न आवे'. संध्याकाळ झाली, होडी अजून आली नाही, एवढाच अर्थ. शब्द माझेच आहेत, त्यामुळे कवितेबद्दल तक्रार असल्यास ती माझ्याकडेच करावी. सुप्रिया 'सांझ'पासून निघायची, 'ना'वर पोचायची आणि तिथे तिचा दम संपायचा. उरलेला 'व' पुढच्या श्वासात यायचा. नावेचे सरळ दोन तुकडे होत होते.

"रियाज कमी पडतोय," मी म्हटलं. "सकाळी खर्जात बसत जा. आणि चहा कमी कर."

"चहा बंदच आहे, सर. मला सहावा महिना चाललाय."

मी हेडफोन परत कानाला लावले. त्यातून काही ऐकू येत नव्हतं, पण विचार करायला वेळ मिळाला. मग काढून अभिनंदन केलं. खोलीच्या कोपऱ्यात तिच्या सासूबाई बसल्या होत्या. बरेच दिवस त्या रोज सुनेबरोबर डिपार्टमेंटला येत होत्या. त्यांना गाण्याची आवड असावी अशी माझी समजूत होती.

मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात संगीत शिकवत होतो आणि पीएचडीचा गाइड होतो. गाण्यात पीएचडी म्हणजे नक्की काय करतात, असं मला लोक लग्नाच्या पंगतीत विचारायचे. उत्तर असं की तीन गोष्टी करतात. आधी शास्त्र वाचायचं. मग लोक प्रत्यक्ष गातात त्याचं मोजमाप आणि विश्लेषण करायचं. आणि शेवटी स्वतः गाऊन दाखवायचं. या तीन गोष्टी एकमेकींशी जुळल्या तर पदवी मिळते. नाही जुळल्या तरी बहुतेकदा मिळते, पण वेळ लागतो.

सुप्रिया मूळची बुरोंडीची. वडिलांची होडी होती. सासर सावर्ड्याचं, नवरा मुंबईला नोकरीला. ती आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जेवढे तास तेवढं मानधन. पर्मनंट व्हायचं तर पीएचडी लागणार होती. तिचा विषय होता, ख्याल गाताना गायक श्वास कुठे घेतो.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. विलंबित ख्यालात ताल अगदी सावकाश फिरतो. एक फेरा पुरा झाला की पहिल्या मात्रेवर यायचं, तिला सम म्हणतात. गायक मनाला येईल तसा हिंडतो, पण समेवर वेळेत हजर व्हावं लागतं. समेकडे नेणारा बंदिशीचा जो तुकडा, तो मुखडा. आमच्या बंदिशीत 'सांझ भई अब' हा मुखडा आणि 'नाव'मधल्या 'ना'वर सम. मुखड्याच्या आधी श्वास भरून घ्यायचा आणि मध्ये तोडायचा नाही, हे प्रत्येक गुरू शिकवतो. सम चुकली तर श्रोते माफ करत नाहीत. दम लागलेला दिसला तर कीव करतात, ते त्याहून वाईट.

सुप्रियाचं गृहीतक असं होतं: शिकलेला गायक श्वास कुठे घेतो हे त्याचं फुप्फुस ठरवत नाही, बंदिश ठरवते. ते सिद्ध करायला तिने रत्नागिरी, चिपळूण, दापोलीकडचे बरेच गायक ध्वनिमुद्रित केले. प्रत्येकाच्या छातीला एक पट्टा बांधायचा. छाती फुगली की पट्टा ताणला जातो आणि कॉम्प्युटरवर रेघ वर जाते. गाण्याचा ग्राफ आणि श्वासाचा ग्राफ खाली-वर ठेवले की श्वास कुठे घेतला ते दिसतं. जाडे, बारीक, तरुण, म्हातारे, सगळे मुखड्याच्या आधीच श्वास घेत होते. मध्ये कोणीच नाही. गृहीतक सुरेख सिद्ध होत होतं. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, सुप्रियाच्या स्वतःच्या गाण्याचं. ते चालू असताना हा प्रकार झाला.

तिच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं. पोट वर येतं, श्वासपटलाला खाली जायला जागा मिळत नाही, श्वास लवकर संपतो. गायला हरकत नाही, बसून गा, गरगरलं तर थांबा. पट्टाही आता पुरत नव्हता. सासूबाईंनी त्याला घरून इलॅस्टिकचा तुकडा जोडून आणला. उत्तम टाके होते. संशोधनाच्या साधनांत मी त्याची नोंद करायला लावली.

माझा सल्ला व्यवहारी होता. "तुझी गेल्या वर्षीची रेकॉर्डिंग्ज आहेत ना? ती वापर. तारखा लिही. कोणी काही म्हणणार नाही."

"पण सर, आता मला माहितीय ना."

"काय माहितीय?"

"की फुप्फुस ठरवतं. माझं तरी ठरवतंय. मग प्रबंधात 'ठरवत नाही' असं कसं लिहू?"

"तू आजारी आहेस असं समज. आजारी माणसाचा डेटा कोणी घेत नाही."

"ती आजारी न्हाय," कोपऱ्यातून आवाज आला. "गरवार हाय."

मुद्दा बिनतोड होता.

अडचण वेळेची होती. रजिस्ट्रेशनची मुदत संपत आली होती आणि मुदतवाढ आधीच एकदा घेऊन झाली होती. मुदत संपणं आणि बाळ येणं साधारण एकाच सुमाराला पडत होतं. शेवटचं प्रकरण नव्याने लिहायचं, तेही सिद्धांताच्या विरुद्ध, म्हणजे आधीची प्रकरणंही हलवावी लागणार. मुदतीत झालं नाही तर रजिस्ट्रेशन रद्द, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे सगळं मी तिला सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि एकीकडे ग्राफ बघत होती.

"सर, आपण लहान श्वास मोजलेच नाहीत ना?"

ते खरं होतं. पट्टा फार नाजूक असतो. माणूस हलला, मान वळवली, हसला, तरी रेघ उडी मारते. म्हणून आम्ही सुरुवातीलाच एक लिमिट ठरवली होती. त्याहून लहान उडी म्हणजे श्वास नाही, हालचाल. अशी लिमिट सगळेच ठरवतात. सुप्रियाने ती काढून टाकली आणि सगळी रेकॉर्डिंग्ज पुन्हा तपासायला बसली. काही दिवसांनी तिने मला एक ग्राफ दाखवला. गायक होते परांजपे काका, वय सत्तरीच्या पुढे, दमेकरी, मारुती आळीतल्या घरी शिकवण्या घेणारे. त्यांच्या मुखड्यात दर वेळी एकाच जागी एक बारीक उडी होती. समेच्या अगदी तोंडाशी.

"मान हलली असेल," मी म्हटलं.

"दर वेळी तिथेच?"

तिने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"काका, तुम्ही मुखड्यात श्वास घेता का हो?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "कोणी सांगितलं?"

"ग्राफवर दिसतंय."

"घेतो. दमा झाल्यापासून घेतो. चोरून घेतो हो, ऐकू येत नाही. प्रबंधात माझं नाव घालू नकोस."

"नाव घालत नाही. पण कसा घेता ते सांगा."

"सांगायचं काय त्यात? समेच्या आधीचा शब्द जरा आखूड करायचा. मिळालेल्या फटीत घ्यायचा आणि समेवर ताजं उतरायचं. आमच्या गुरुजींना कळलं असतं तर त्यांनी हाकलून दिला असता."

तिने त्याच दिवशी करून बघितलं. 'सांझ भई अब' म्हणताना 'अब' लांबवायचा नाही, पटकन सोडायचा. तिथे अर्धा श्वास. मग 'नाव' सबंध. पहिले काही दिवस सम हुकत होती. श्वास घेण्यात वेळ जायचा आणि ताल पुढे निघून जायचा. तिला रडू यायचं, मग ती नाक पुसून परत सुरू करायची. मी तबल्याला होतो. ठेका देणाऱ्याला रडणाऱ्या माणसासाठी थांबता येत नाही, त्यामुळे मी देत राहिलो.

आठव्या महिन्यात प्री-सबमिशन सेमिनार लागला. म्हणजे प्रबंध विद्यापीठात जमा करण्याआधी कमिटीसमोर काम सांगायचं आणि आमच्या विषयात गाऊनही दाखवायचं. कमिटीने नापसंत केलं तर प्रबंध पुढे जात नाही. बाहेरच्या विद्यापीठातून एक तज्ज्ञ मॅडम आल्या होत्या. स्वतः गाणाऱ्या, शिस्तीच्या. प्रिन्सिपॉल अध्यक्ष होते. त्यांचा विषय रसायनशास्त्र. सेमिनार खुला असतो म्हणून सासूबाई पहिल्या रांगेत पाण्याची बाटली घेऊन बसल्या.

सुप्रियाने काहीही लपवलं नाही. गृहीतक सांगितलं, मग ते कुठे मोडलं ते सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं काम करून गृहीतक चुकलं?"

"अर्धं चुकलं, मॅडम. श्वास लागतो तेव्हा फुप्फुसच सांगतं. पण तो घ्यायचा कुठे, ते बंदिशीत शोधावं लागतं. आणि तशी जागा मुखड्यातही सापडते."

"मुखड्यात श्वास? हे तुम्ही विद्यार्थ्यांना शिकवणार?"

"ज्यांना गरज आहे त्यांना."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही गाइड आहात ना? तुमचं मत काय?"

"माझं मत जुनी रेकॉर्डिंग्ज वापरावीत असं होतं," मी म्हटलं. "तिने ऐकलं नाही."

"गाऊन दाखवा," मॅडम म्हणाल्या.

सुप्रियाने सांगितलं की आधी नेहमीच्या पद्धतीने गाते, मग बदललेल्या. मी ठेका धरला. मारवा राग, खोलीत पंखा बंद, सगळ्यांना घाम. पहिल्या पद्धतीत ती 'ना'पर्यंत पोचली आणि आवाज तुटला. नुसता शब्द नाही, आवाजच. तिने पेटीची कड धरली आणि डोळे मिटले. मीही ठेका सोडला.

सासूबाई उठून थेट पुढे आल्या. "पुरं झाला. तिला दम लागलाय, दिसत न्हाय काय तुमाला?"

प्रिन्सिपॉल म्हणाले, "बाई, परीक्षा चालू आहे."

"व्हवूदे. पानी पिऊदे तिला."

कोणी अडवलं नाही. सुप्रिया पाणी प्यायली. मॅडम आपल्या जागेवरून उठल्या, आणि मला वाटलं आता सेमिनार आवरता घेणार. त्यांनी भिंतीशी जाऊन पंखा लावला. "थांबायचं असेल तर थांबू," त्या म्हणाल्या. "पुढची तारीख घेऊ."

पुढची तारीख घेतली असती तर मुदत गेली असती. सुप्रियाने मान हलवली. "नाही मॅडम. तो दोष दाखवायचाच होता. एवढा नव्हता दाखवायचा. आता दुसरं ऐका."

सासूबाई मागे गेल्या नाहीत. तिथेच खाली, तिच्या शेजारी बसल्या.

मी पुन्हा ठेका धरला. 'सांझ भई अब'. शब्द आखूड, जरासा कापलेला. आणि 'नाव' समेवर अशी आली की माझा हात नकळत जोरात पडला. तिने तीच ओळ पुन्हा घेतली. आणि पुन्हा. मॅडम डोळे मिटून मांडीवर ताल धरत होत्या. चौथ्यांदा त्यांनी हात वर केला.

"श्वास कुठे घेतलात?"

"'अब'च्या नंतर."

"मला ऐकू आला नाही."

"ग्राफवर आहे, मॅडम."

त्यांनी ग्राफ पाहिला. मग चष्मा काढून म्हणाल्या, "शीर्षक बदला. निष्कर्ष पहिल्या प्रकरणात आणा. ज्यांनी मुखड्यात श्वास घेतला त्यांची वयं आणि तब्येत लिहा. नावं नकोत." चष्मा परत लावत त्यांनी विचारलं, "हे सगळं जमेल मुदतीत?"

"जमंल," सासूबाई म्हणाल्या.

जमलं. टायपिंग मी केलं, कारण तिला टेबलाशी बसणं कठीण झालं होतं. ती पलंगावर पडून सांगायची. प्रबंध मुदतीच्या आत जमा झाला आणि त्याच आठवड्यात तिला मुलगी झाली. पुढे अंतिम तोंडी परीक्षेलाही परीक्षक म्हणून त्याच मॅडम आल्या. या वेळी त्या फारसं विचारत बसल्या नाहीत. तासभर गाणंच ऐकलं. पदवी मिळाली. पर्मनंट जागा पुढच्या वर्षी भरली आणि ती सुप्रियालाच मिळाली, हे सांगायला मला बरं वाटतं, कारण असं दर वेळी होत नाही.

परांजपे काकांनी प्रबंधातलं आपल्याविषयीचं पान वाचायला मागितलं. त्यात 'गायक क्रमांक नऊ, दमेकरी' असं लिहिलं होतं. त्यांनी ते पान झेरॉक्स करून शिकवणीच्या खोलीत लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हा नऊ नंबर म्हणजे मीच असं सांगायला लागले.

मी आता रिटायर झालो. अधूनमधून नवीन विद्यार्थी सल्ला विचारायला येतात, डेटा उलटा आला की विशेष करून. मी त्यांना सांगतो, उलटा आलेला निष्कर्ष पहिल्याच पानावर लिहा. बरेच जण तो शेवटच्या प्रकरणात, तळटिपेत ढकलतात, आणि तिथे कोणी पोचणार नाही अशा आशेवर राहतात. परीक्षक प्रबंध शेवटाकडूनच वाचायला घेतात.