फोटोतलं रडणं

कापडे गावाच्या वर, डोंगराच्या पोटाशी आता नुसतं गवत माजलंय. तिथं गोदूबाईची वाडी होती. गोदूबाई म्हणजे वाडीतली फाटक्या तोंडाची बाई. तिच्या नादी लागायची कुणाची छाती नव्हती, आणि कुणाच्या घरी अडलंनडलं तर पहिली तीच धावायची. नवरा अर्ध्यावर सोडून गेला. तिनं म्हशी राखल्या, नाचणी-भात पिकवला, मीनाला खाली कापड्यात चांगल्या घरी दिली आणि जितेशला मुंबईला कामाला लावला. जितेश भाताच्या लावणीला मात्र न चुकता घरी यायचा. त्या वर्षीही आला होता.

गोदूबाई त्या दिवशी मीनाकडे गेली होती आणि पावसामुळे तिथंच अडकली. मागं रात्री डोंगर सुटला, जितेश घरातच होता. सकाळी मायलेकी धापा टाकत वर पोचल्या तर घरांच्या जागी लाल चिखलाचा उतार. वाचलेल्या बाया कडेला बसून होत्या आणि एकीच्याही डोळ्यात पाणी नव्हतं.

बाहेरच्याला वाटेल, दगडाच्या काळजाच्या बाया. तसं नव्हतं. त्या डोंगरवाड्यांत रीतच होती. माणूस पुरात गेला, रानात हरवला, तर त्याचा देह हाती लागेपर्यंत घरच्यांनी रडायचं नाही. रडलं म्हणजे तो गेला हे आपणच कबूल केलं. आपणच कबूल केल्यावर देवानं तरी त्याला कशासाठी राखून ठेवायचं? म्हणून बाया दातावर दात ठेवून बसल्या होत्या.

खाली रस्ता वाहून गेला होता, त्यामुळं माती उपसायचं मशीन पलीकडंच अडकलेलं. कॅमेऱ्यांना रस्ता लागत नाही, ते आधी पोचले. त्यात विपुल नावाचा मुंबईचा एक फोटोवाला होता. पोरगा भला होता, जवळचं पाणी त्यानं बायांनाच पाजलं. मशीन कधी येईल, असं गोदूबाईनं त्याला विचारलं. तो म्हणाला, मावशी, फोटो मोठ्या पेपरात आला की वरची माणसं हलतात.

गोदूबाईनं एकवार त्या कोरड्या डोळ्यांच्या बायांकडे पाहिलं. असल्या तोंडांचे फोटो पाहून कोण मशीन धाडणार? उभा जन्म तिनं बाजारात म्हशी विकल्या होत्या, समोरच्याला काय दिसायला हवं हे तिला शिकवायला नको होतं. ती मीनाच्या कानाशी लागली.

"खोटंच रडते गो. खोट्या रडन्याला दोष नाय."

मीनानं तिच्या तोंडावर हात दाबला. "आये, नको."

तिनं तो हात बाजूला सारला, चिखलात बसली आणि गळा काढला. पहिला हुंदका खोटा होता. लांबच्या मयताला गेल्यावर रीत म्हणून काढतात, तसला. मग जितेशचं नाव तोंडात आलं आणि पुढं काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. थांबायचं म्हटलं तरी थांबता येईना.

मशीन आलं. ते फोटोमुळं आलं की पाऊस उघडला म्हणून, देव जाणे. मातीतून म्हैस निघाली, जातं निघालं, जितेश निघाला नाही. पुढं शोध थांबला आणि सरकारनं त्याला मयत धरलं. गोदूबाईनं धरलं नाही. नव्या पत्र्याच्या खोलीत तिनं त्याचा फोटो लावला, पण हाराशिवाय. मीनालाही रडू दिलं नाही.

तिचा स्वतःचा फोटो मात्र जगभर फिरला. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या पेपरात चिखलातली गोदूबाई हजर, वर 'बदलत्या हवामानाचा चेहरा', खाली 'एक दरडग्रस्त महिला'. एका पेपरानं तर कहर केला, तिला दुष्काळाच्या बातमीवर छापली. कापड्यातल्या बाया म्हणाल्या, गोदूबाय, यंदा पाण्यावाचून रडतीस व्हय? तीही हसली, आणि घरी येऊन न जेवता निजली.

तो फोटो दिसला की तिच्या मनात एकच किडा वळवळायचा. ते रडणं खोटं असेल तर रीत मोडली नाही आणि पोराचा मार्ग अजून मोकळा आहे. खरं असेल तर आईनंच त्याला सोडला. कुणाला विचारणार? मीनाला विचारलं की ती मान फिरवायची. सगळं समोरून पाहिलेला एकच माणूस होता.

यंदा महाडला हवामानावर प्रदर्शन भरलं आणि गोदूबाईला पाहुणी म्हणून बोलावणं आलं. भिंतभर तिचाच फोटो लावलेला. लोक त्याच्याजवळ उभं राहून मोबाईलवर फोटो काढत होते. पाहुणी मात्र विपुललाच शोधत होती. तो दिसताच ती मीनाचा हात सोडून त्याच्याकडे गेली.

"बाबा, तू म्होरं व्हतास. त्या वक्ताला मी खोटी रडले का खरी, येवढंच सांग."

विपुलचा चेहरा उतरला. असले फोटो मुद्दाम रडायला लावून काढतात, हा आरोप त्यानं फार सोसला होता. या बाईच्याही कानावर तेच गेलं असणार, असं त्याला वाटलं. त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"खरी, मावशी. त्यात तसूभर खोटं नव्हतं. शपथेवर सांगतो. खोटं असतं तर मी तो फोटो छापायलाच दिला नसता."

त्याला बिचाऱ्याला तिचा मान राखायचा होता. गोदूबाईनं मान हलवली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. सत्काराची शाल तशीच खुर्चीवर ठेवून ती बाहेर पडली.

एसटी स्टँडजवळ फुलवाली बसली होती. गोदूबाई तिच्यापाशी थांबली आणि तिनं झेंडूचा एक हार बांधून घेतला. कुणासाठी, हे मीनाला लगेच कळलं. रडू येताच सवयीनं तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

गोदूबाईनं तो हळूच ओढून काढला.

"रड गो," ती म्हणाली. "आता तू रडलीस तरी चालंल."